खिशातला चाकू आणि कलम ३७

सण आला, निवडणूक लागली किंवा कुठे मोर्चा निघणार असला की आतल्या पानावर एक चौकट हमखास येते: जिल्ह्यात मनाई आदेश लागू. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७. शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या घेऊन फिरण्यास बंदी. आपण ती चौकट ओलांडून पुढे जातो. भाला घेऊन सिल्लोडच्या बसस्टँडवर कोण फिरतंय? पण सुरेही त्याच ओळीत आहेत, आणि कलमाचं शेपूट त्याहून लांब आहे. शारीरिक इजा करायला वापरता येईल अशी कोणतीही वस्तू त्यात येते. घरातल्या पोराने ऑनलाइन सेलमध्ये मागवलेला लाल मुठीचा चाकू, ज्याच्या पोटात कात्री, करवत, ओपनर असं सगळं बिऱ्हाड असतं, तोही मग त्या शेपटाखाली येऊ शकतो.

पोलिसांना या विषयात गंमत वाटत नाही, त्याला कारण आहे. २०१८ च्या मे महिन्यात औरंगाबाद शहरात दंगल झाली आणि त्याच महिन्यात ऑनलाइन मागवलेल्या तलवारी-चाकूंचा साठा पोलिसांनी पकडला. खेळणी आणि घरसामान मागवावं तशा तलवारी घरपोच आल्या होत्या. तेव्हापासून चाकूचं पार्सल म्हटलं की संबंधितांच्या कपाळाला आठी पडते. त्या तलवारी आणि मिरचीच्या वावरात ठिबकची नळी कापणारं अडीच इंची पातं यांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही. पण आपलं मत ठाण्यात उपयोगाला येत नाही. कायद्यातलं माप माहीत असलेलं बरं.

ते माप शस्त्र नियम २०१६ मध्ये आहे. पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल तर ते धारदार शस्त्रांच्या वर्गात जातं. त्यातूनही घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योग यांच्यासाठी बनवलेली पाती वगळली आहेत, नाहीतर विळा-कोयत्यासकट अर्धा तालुका आत गेला असता. खिशातल्या बहुपयोगी चाकूचं मोठं पातंही बहुधा तीन इंचांच्या आत असतं. म्हणजे तो विकत घेणं, घरात किंवा शेतात ठेवणं यात भिण्यासारखं काही नाही. अडचण येते ती मनाई आदेश चालू असताना आणि चारचौघांत. कलम ३७ इंच मोजत बसत नाही, आणि ते मोडलं तर कलम १३५ खाली तुरुंगवासाची तरतूद आहे. त्या दिवसांत मिरवणूक, सभा, बाजार, कचेरी अशा ठिकाणी हा ऐवज खिशात नको. शेतात लागतच असेल तर पान्या-पकडीच्या पिशवीत राहू द्या.

दुसरी मेख ट्रेकवाल्यांना ठाऊक नसते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शस्त्राची जी व्याख्या आहे तिच्यात सापळे आणि जाळ्यांच्या जोडीने चाकूही आहे, आणि परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरायला कलम ३१ प्रमाणे मनाई आहे. आपल्याला जवळचं गौताळा औट्रमघाट हे अभयारण्यच आहे. तिथल्या नाक्यावर कोणी सफरचंद कापायच्या चाकूवरून अडवलं तर वाद घालू नका, कागद त्याच्या बाजूने आहे.

एवढं झाल्यावर मूळ प्रश्नाकडे येऊ. असा बहुपयोगी चाकू घ्यावा का? घ्यावा. कोणता? इथे बहुतेक लोक फसतात, कारण ते अवजारं मोजतात. दुकानदारही तेच मोजून दाखवतो: अकरा-इन-वन, पंधरा-इन-वन, एकवीस-इन-वन.

कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी चाकूचा कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले. सैनिकाच्या त्या चाकूत मोजून चार गोष्टी होत्या: पातं, टोच्या, डबा फोडायचं हत्यार आणि स्क्रूड्रायव्हर. स्क्रूड्रायव्हर कशाला, तर त्या वेळची नवी रायफल खोलायला. काम आधी ठरलं, चाकू नंतर बनला. १८९७ मध्ये एल्सनरने अधिकाऱ्यांसाठी हलका, देखणा चाकू नोंदवला, त्यात एक छोटं पातं आणि बाटलीचं बूच काढायचा मळसूत्री कॉर्कस्क्रू वाढवला. सैन्याने हा चाकू अधिकाऱ्यांना कधी दिलाच नाही, ज्याला हवा त्याने पदरचे पैसे घालून घेतला. पुढे जगभर गाजला तो हाच. शोभेच्या वस्तूचं नशीब असंच असतं. एल्सनरची कंपनी म्हणजेच आजची व्हिक्टोरिनॉक्स. तिच्या स्विसचॅम्प मॉडेलमध्ये ३३ कामं होतात. त्यातल्या माशाचे खवले काढायच्या पट्टीचं सिल्लोडात काय करायचं ते घेणाऱ्याने ठरवावं.

कॉर्कस्क्रूचं तेच. सुतळीची घट्ट बसलेली गाठ सोडवायला तो बरा पडतो हे खरं, पण एवढ्यासाठी जागा अडवू नये. त्याच मापात कॉर्कस्क्रूच्या जागी फुलीचा स्क्रूड्रायव्हर असलेलं 'टिंकर' नावाचं मॉडेल मिळतं, ते आपल्या कामाचं. घरातल्या किरकोळ वस्तूंपासून पोराच्या सायकलच्या घंटीपर्यंत बऱ्याच ठिकाणी फुलीचेच स्क्रू असतात.

आता काम म्हणजे नेमकं काय, तेही बघू. सिल्लोड तालुका मिरचीचा, मक्याचा, कपाशीचा. मिरचीला मल्चिंग आणि ठिबक. सोळा मिलिमीटरची नळी उंदराने किंवा खुरप्याने फुटली की तेवढा तुकडा कापून मध्ये जॉइंटर बसवायचा. काप सरळ हवा, तिरका झाला की जॉइंटर गळतो. इथे कात्रीपेक्षा पातं चांगलं, आणि पात्याला धार असली तर नळी चेपत नाही. तुंबलेल्या ड्रिपरचं तोंड मोकळं करायला टोच्या लागतो. मक्याचं पोतं फाटलं की दाभण शोधत घरभर फिरावं लागतं. व्हिक्टोरिनॉक्सच्या ९१ मिलिमीटरच्या बऱ्याच मॉडेलांत पाठीवरच्या टोच्याला सुईसारखं भोक असतं. त्यात सुतळी ओवली की पोतं शिवता येतं. टाका सुबक येत नाही, पण मका सांडायचा थांबतो. पाठीवरचा हा टोच्या जाहिरातीच्या फोटोत दिसतसुद्धा नाही.

पक्कड हवी असेल तर गाव बदलावं लागतं, स्वित्झर्लंडहून अमेरिकेला. टिम लेदरमन हा ओरेगनचा माणूस १९७५ मध्ये बायकोबरोबर जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता. गाडी सारखी बिघडायची, स्वस्त हॉटेलांतले नळ गळायचे आणि त्याच्या खिशात होता साधा स्काउट चाकू. पक्कड असती तर निम्मी कामं झाली असती, हे त्याच्या डोक्यात बसलं. घरी येऊन त्याने पकडीच्या दांड्यांतच बाकीची अवजारं मिटवून ठेवायची युक्ती काढली आणि ती विकायला १९८३ उजाडलं. आज मल्टिटूल म्हणून जे मिळतं ते बहुतेक या घराण्यातलं. घडण दणकट असते, पण वजनही तसंच. मोठी मॉडेलं पाव किलोच्या घरात जातात. ती शर्टाच्या खिशात राहत नाहीत, कमरेला लावावी लागतात, आणि कमरेला लावली की बाजारात चार नजरा वळतात.

एक धोका मात्र ठळक सांगायला हवा. या मल्टिटूलची मूठ उघड्या पोलादाची असते. वायरमनच्या पकडीला जाड वेष्टण असतं, हिला नसतं. रात्रीची लाइट आली, मोटार उचलत नाही, बॅटरी दातांत धरून स्टार्टर उघडला आणि हातात हे चकचकीत अवजार, हा प्रसंग ४१५ व्होल्टला आमंत्रण आहे. स्टार्टर आणि डीपीजवळ याचं काहीही काम नाही. कंपनी कोणतीही असो, किंमत कितीही असो.

डोंगरातली गरज वेगळी. सिल्लोडकरांना अजिंठ्याची रांग उशाशी आहे. लेणी तर आहेतच, पण ज्यांना पाय मोकळे करायचे असतात ते जंजाळ्याच्या किल्ल्यावर जातात, घटोत्कच लेणी बघतात किंवा हळद्याच्या घाटातून वेताळवाडीचा किल्ला गाठतात. या वाटांवर मी लोकांच्या पाठीवर हातभर सुरे लटकलेले पाहिले आहेत. कशासाठी, ते सुरा लावणाऱ्यालाही सांगता येत नाही. झाडाची ओली फांदी तोडायची नसते, तेव्हा करवत वाया जाते. बिबट्याशी कुस्ती होणार नसते. कापायचा असतो तो कांदा, काकडी, बँडेजची पट्टी आणि फार तर दोरी.

आणि काढायचा असतो काटा. अजिंठ्याच्या रांगेत पावसाळा सरताना गवत वाळायला लागतं आणि कुसळं मोज्यांत घुसतात. नुसती चिकटत नाहीत, पिळे घेत आत जातात आणि चालताना कातडीला टोचत राहतात. नखाने ओढलं की शेपटी हातात येते आणि टोक आतच राहतं. बाभळीचा काटा चपलेच्या तळव्यातून वर येतो, तो मोडला तर आणखी ताप. त्या वेळी पंधरा-इन-वनमधलं एकच अवजार कामाला येतं, ते म्हणजे मुठीच्या खाचेत दडवलेला दीड इंचाचा चिमटा. टोच्याच्या टोकाने कातडी जराशी मोकळी करायची, चिमट्याने काटा ज्या दिशेने शिरला त्याच दिशेने मागे ओढायचा, वर जंतुनाशक लावायचं. शेतातही रोजचा उपयोग याचाच. जुन्या लोकांना हे कळत होतं. एका कडीत अडकवलेलं चांदीचं दातकोरणं, कानकोरणं आणि चिमटा अशी जुडी कित्येक घरांत असायची. तीनच अवजारं आणि तिन्ही रोज वापरातली.

गंमत म्हणजे महाग आणि रांगडी मॉडेलं नेमकी इथे कमी पडतात. व्हिक्टोरिनॉक्सचा 'फार्मर' नावापासूनच शेतकऱ्याचा. त्यात पातं, करवत, टोच्या सगळं आहे, पण ॲल्युमिनियमच्या सपाट मुठीत चिमट्याला खाचच नाही. लेदरमनच्या 'वेव्ह'मध्ये पक्कड आहे, चिमटा नाही. उलट किल्लीच्या जुडग्यात मावणाऱ्या ५८ मिलिमीटरच्या 'क्लासिक एसडी'मध्ये छोटं पातं, कात्री, कानस आणि चिमटा हे सगळं आहे. ट्रेकला आणि घराला एवढा पुरतो, आणि त्याला बघून कुणी हवालदार दचकणार नाही. शेतात पक्कड लागतेच, पण ती वेगळी, वेष्टणाची, हार्डवेअरच्या दुकानातून घ्या. दोन्ही मिळून एका मोठ्या मल्टिटूलपेक्षा स्वस्त पडतात.

नकली मालाबद्दल थोडं. यात्रेत, फूटपाथवर आणि ऑनलाइनही 'स्विस नाइफ' म्हणून लाल मुठीवर पांढरी फुली छापलेला माल शंभर-दोनशेला मिळतो. खऱ्या व्हिक्टोरिनॉक्सच्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव कोरलेलं असतं. पण नावापेक्षा हाताला विचारा. पातं उघडताना खट्ट आवाज येऊन ते जागेवर बसलं पाहिजे, डावी-उजवीकडे हलता कामा नये. हलणारं पातं जोर लावताच मिटतं आणि ते बोटांवर मिटतं. बऱ्याच छोट्या चाकूंना लॉक नसतं, म्हणून पात्याच्या टोकाने काही टोचायचं किंवा उचकटायचं नाही. टोचायचं काम टोच्याचं.

पोलादाचं फार मनावर घेऊ नका. विक्रेते आकडे फेकतात. स्विस चाकूचं पोलाद मुद्दाम मध्यम कडक ठेवलेलं असतं, त्यामुळे धार लवकर जाते आणि लवकर लागतेही. घरच्या कुरुंदाच्या दगडावर दोन्ही बाजूंनी सारखे हलके हात मारले की झालं. सायकलवर फिरणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर मात्र हे पातळ पातं देऊ नये, तापून त्याचं पाणी उतरतं. मिरची किंवा लिंबू कापल्यावर धुवून, उघडं ठेवून वाळवावं आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं आणि धूळ धरून ठेवतं. विमानाने जाणार असाल तर चाकू आठवणीने मोठ्या सामानात टाका, हातातल्या बॅगेत सापडला की तो तपासणीच्या टेबलावरच राहतो.

तेव्हा दुकानात गेल्यावर पातं शेवटी उघडा. आधी चिमटा ओढून बाहेर काढा, बोटांत दाबा आणि टोकं उजेडाकडे धरून बघा. दोन टोकांच्या मधून उजेड दिसला तर चाकू परत ठेवा आणि दुसरा मागा.