लय सांभाळणाऱ्याचे नाव

कार्तिकी पौर्णिमा जवळ आली की सिंधुदुर्गातील गावोगाव जत्रांचे दिवस सुरू होतात. देवीची ओटी भरून होते, देवळाभोवती पालखी फिरते, खाजे आणि खेळणी विकणाऱ्या दुकानांपुढील गर्दी ओसरू लागते आणि मध्यरात्रीच्या सुमारास दशावताराला सुरुवात होते. थोडी मोकळी जागा, मागे एक पडदा आणि मध्ये एक बाक, एवढ्यावर इंद्राचा दरबारही भरतो आणि राक्षसाचे अरण्यही उभे राहते. प्रेक्षकांची नजर राजावर, राक्षसावर आणि नऊवारी सावरीत डौलाने येणाऱ्या स्त्रीपात्रावर खिळलेली असते. एका बाजूला तिघेजण बसलेले असतात. एक पेटीवर, एक पखवाजावर आणि एकाच्या हातात झांज. पहाटे घरी परतताना मंडळी राजाच्या शब्दफेकीविषयी बोलतात, जाणकार असतील ते पखवाजाच्या हाताविषयी बोलतात. झांजवाल्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. त्याने रात्रभर एकच काम केलेले असते. त्याने लय सुटू दिलेली नसते.

हा झांजवाला केवळ मालवणी मुलखातच आहे असे नाही. ज्या रॉक संगीताची ओळख आपल्याकडे कर्कश गोंगाट म्हणून करून दिली जाते, त्यातही तो आहे. तेथे त्याच्या हाती झांजेऐवजी गिटार असते एवढेच. रॉकच्या वाद्यवृंदात बहुधा दोन गिटारवादक असतात. एक ‘लीड’ गिटार वाजवितो. गाण्याच्या मधल्या जागेत पुढे येऊन ताना घेतल्याप्रमाणे सुरांची आतषबाजी करणारा तो हा. दुसरा ‘रिदम’ गिटार वाजवितो. तो अनेक सूर एकत्र छेडून, म्हणजे कॉर्ड वाजवून, गाण्याला आधार आणि चाल देतो. टाळ्या पहिल्याला मिळतात. भिंतींवर चित्रेही त्याचीच लागतात. परंतु दुसऱ्याने हात थांबविला तर पहिल्याची आतषबाजी अधांतरी लोंबकळेल, याचा विचार सहसा केला जात नाही.

रिदम गिटार हे दुय्यम प्रतीच्या वादकाचे काम आहे, असा समज अनेकांचा असतो. वस्तुतः ते वेगळ्याच प्रकारचे कौशल्य आहे. त्यात उजवा हात घड्याळाच्या लंबकासारखा अखंड वरखाली होत राहतो, तारेला स्पर्श व्हावयाचा असो वा नसो. डावा हात तारा दाबतो आणि क्षणार्धात सैल सोडतो, त्यामुळे सूर उमटतो आणि लगेच मिटतो. कोठे वाजवावे याइतकेच कोठे वाजवू नये, यालाही येथे महत्त्व असते. झांजेची गोष्ट निराळी नाही. दोन वाट्या एकमेकींवर आपटून खणखणाट कोणीही करील. आघातानंतर त्या हलकेच मिटून नाद नेमका कोठे तोडावा, हे ज्याला कळते तोच झांजवादक.

या कलेचा आदिपुरुष शोधावयाचा तर रॉकच्याही मागे, जॅझ संगीतापर्यंत जावे लागते. अमेरिकेतील काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन हा गिटारवादक १९३७ साली दाखल झाला आणि १९८७ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे पन्नास वर्षे, त्या वृंदाशी त्याचे नाते टिकले. स्वतः बेसी १९८४ साली निवर्तले, तरी ग्रीन आपल्या जागी होता. विजेच्या गिटारीचा जमाना आल्यावरही तो साधी गिटारच वाजवीत राहिला आणि एकट्याने वाजविण्याचा मोह त्याने जवळजवळ कधीच धरला नाही. तुताऱ्यांच्या गर्जनेत त्याची गिटार स्वतंत्रपणे ऐकू येणे कठीण. तरीही ती थांबली तर वृंद लंगडा होईल, हे त्याच्या सहकाऱ्यांना पुरते ठाऊक होते.

रॉकच्या जन्मकाळी बो डिडली याने १९५५ साली आपल्याच नावाच्या ध्वनिमुद्रिकेत एक ठेका वाजविला. तीन आणि दोन अशा पाच आघातांचा हा ठेका आफ्रिकेतून अमेरिकेत आलेल्या परंपरांशी नाते सांगणारा होता. त्याच्या कित्येक गाण्यांत कॉर्ड जवळजवळ बदलतच नाही. सारी गंमत हाताच्या चालीत असते. १९५७ साली बडी हॉलीने तोच ठेका घेतला आणि हॉलीचे ते गाणे १९६४ साली रोलिंग स्टोन्सनी उचलले. पुढे तर तो सर्वांचाच झाला. डिडलीला मात्र त्याबद्दल दमडीही मिळाली नाही. चाल आणि शब्द यांना कायद्याचे संरक्षण असते, नुसत्या ठेक्याला ते मिळत नाही, हा सल २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्याच्या मनात राहिला. लय ही कोणाच्या मालकीची नसते हे तत्त्व म्हणून ठीक आहे. पण त्याचा व्यवहारातील अर्थ असा की, लय देणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही.

बीटल्समधील जॉन लेननची ख्याती गीतकार आणि गायक म्हणून आहे. त्या चौघांत रिदम गिटार त्याच्याकडे होती, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. ‘ऑल माय लव्हिंग’ या १९६३ सालच्या गाण्यात मात्रेमात्रेला तीन-तीन आघातांची त्याची अखंड धावपळ ऐकावी; गाणे पॉल मॅकार्टनीचे असले तरी त्याला धाप लागू न देणारा हात लेननचा आहे. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने तर गिटारच आपल्या कामापुरती बदलून घेतली. सहावी, जाड तार त्याने काढून टाकली आणि उरलेल्या पाच तारा अशा जुळविल्या की नुसत्या छेडल्या तरी एक पूर्ण कॉर्ड वाजावी. तंबोरा जुळविताना जो विचार असतो, त्याच्या जवळचा हा विचार. सर्वसाधारणतः वाद्यवृंद ढोलवादकाच्या मागे जातो. स्टोन्समध्ये मात्र ढोलवादक चार्ली वॉट्स रिचर्ड्सच्या हाताकडे लक्ष ठेवून वाजवीत असे, असे त्यांच्या सहकाऱ्याने सांगून ठेवले आहे. एप्रिल २००३ मध्ये हा वृंद मुंबईत आला, तेव्हा ज्यांनी तो ऐकला त्यांना हे नाते पाहावयास मिळाले असेल.

परंतु मागे उभे राहण्याचे व्रत खऱ्या अर्थाने पाळले ते माल्कम यंगने. स्कॉटलंडहून ऑस्ट्रेलियात आलेल्या कुटुंबातील माल्कम आणि अँगस या भावांनी १९७३ साली सिडनीत ‘एसी/डीसी’ हा वृंद स्थापन केला. धाकटा अँगस शाळकरी मुलाचा गणवेश घालून मंचभर धावे, लोळे, नाचे. माल्कम मात्र ध्वनिवर्धकांच्या रांगेजवळ, ढोलाच्या बाजूला उभा राही. गाण्याच्या ध्रुपदाला साथ देण्यापुरता तो पुढे येई आणि पुन्हा मागे जाई. ‘बॅक इन ब्लॅक’ ही त्यांची १९८० सालची तबकडी जगात सर्वाधिक खपलेल्या तबकड्यांपैकी एक आहे. तिचे हाड म्हणजे माल्कमची गिटार. स्मृतिभ्रंशामुळे २०१४ साली त्याला वृंद सोडावा लागला आणि २०१७ साली तो निवर्तला. त्याची जागा घेण्यासाठी निवडला गेला तो त्याचाच पुतण्या, स्टीव्ही यंग. जगात गिटारवादकांचा तुटवडा नव्हता. पण तो हात घरातच सापडला.

या घटनेत एक इशारा दडलेला आहे. लीड वादकाची करामत ध्वनिमुद्रिका पुन्हापुन्हा लावून गिरविता येते. लय सांभाळण्याची विद्या सहसा शेजारी बसून, दुसऱ्याच्या श्वासाबरोबर श्वास घेऊन शिकावी लागते. म्हणूनच ती नाहीशी होते तीही आवाज न करता.

आपल्याकडे या उपेक्षेला उदाहरणे कमी नाहीत. ‘हरे रामा हरे कृष्णा’ या १९७१ सालच्या चित्रपटातील ‘दम मारो दम’ची गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजविली. गायक म्हणून त्यांना पुढे मोठी कीर्ती मिळाली, पण त्या गिटारीवर त्यांचे नाव कितीजणांनी जोडले? मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि संयोजकांनी आयुष्ये घालविली. तबकडीवर नाव छापले जाई ते गायकाचे, संगीतकाराचे आणि गीतकाराचे. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्याने अँथनी गोन्साल्विस हे नाव देशभर नेले. ते आपले व्हायोलिनचे गुरू आहेत, हे संगीतकार प्यारेलाल यांना ठाऊक होते. श्रोत्यांना ते नाव केवळ गमतीदार वाटले. या वादकांच्या मुलाखती घेऊन ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने ‘बिहाइंड द कर्टन’ हा ग्रंथ सिद्ध केला तो २००८ साली. तोवर अनेक हात कायमचे थांबले होते.

मालवणच्या किनाऱ्यावर तीच चूक पुन्हा होऊ द्यावयाची काय, हा खरा प्रश्न आहे. येथील परिस्थिती सर्वस्वी निराशाजनक नाही. डबलबारी भजनाच्या जाहिरातीत बुवांच्या नावाखाली पखवाजवादकाचे नाव छापण्याची रीत आहे आणि ती या भागाच्या रसिकतेला शोभणारी आहे. मात्र झांजेपर्यंत ही रसिकता क्वचितच पोचते. इकडे सण-समारंभांच्या कार्यक्रमांत की-बोर्डमधील तयार ठेका आला आहे. तो कधी चुकत नाही, थकत नाही आणि जेवणही मागत नाही.

परंतु दशावताराचे या तयार ठेक्यावर भागणार नाही. या नाटकाला लिखित संहिता नसते. कथा ठरलेली असते, संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतो. राजाचे बोलणे कोठे रंगेल, राक्षस कोणत्या शब्दाला उसळेल, युद्धाचा पवित्रा केव्हा सुरू होईल, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. साथीदारांना नटाच्या पावलाकडे आणि खांद्याकडे पाहून ते ताडावे लागते. पूर्वमुद्रित ठेका नटाला आपल्या मागे ओढील, नटाच्या मागे जाणार नाही. झांज गेली तर केवळ एक वाद्य जाणार नाही. नटाचे स्वातंत्र्यही तिच्याबरोबर जाईल.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, साथीदाराने मागे राहण्यातच त्याच्या कलेची थोरवी आहे. त्याला पुढे ओढणे हा तिचा अवमान होय. या म्हणण्यात तथ्य आहे. माल्कम यंग अँगससारखा नाचू लागता, तर एसी/डीसी टिकती ना. पण प्रयोग चालू असताना न दिसणे वेगळे आणि प्रयोग संपल्यावर हिशेबातून, इतिहासातून गळणे वेगळे. पहिली साधना आहे, दुसरा अन्याय आहे. त्याची झळही केवळ मानापमानाची नसते. वृद्ध कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. तिच्या अर्जासोबत कलासेवेचा पुरावा जोडावा लागतो. ज्याचे नाव कधी जाहिरातीत छापले गेले नाही, बातमीत आले नाही, की ध्वनिक्षेपकावरून उच्चारले गेले नाही, त्याने चाळीस वर्षांच्या जागरणाचा पुरावा आणावयाचा कोठून?

उपाय अवघड नाहीत आणि खर्चिकही नाहीत. प्रयोगापूर्वी नटांबरोबर पेटी, पखवाज आणि झांज वाजविणाऱ्यांची नावे घोषित व्हावीत व जाहिरातीत छापली जावीत. देवस्थान समित्यांनी कोणत्या रात्री कोणी साथ केली, याची एक वही ठेवावी; उद्या मानधनाचा अर्ज तपासणाऱ्या कारकुनाला तिच्यातील एक ओळ पुरेल. शाळेत भजन बसविताना शिक्षकांनी गळा नसलेल्या मुलाच्या हाती ‘तू नुसती झांज धर’ म्हणून झांज देऊ नये. वर्गातील सर्वांत लक्षपूर्वक ऐकणाऱ्या मुलाला ती द्यावी. आणि कानाला यंत्र लावून रॉक ऐकणाऱ्या महाविद्यालयीन तरुणांनी एखादे गाणे केवळ मागच्या गिटारीसाठी ऐकून पाहावे. त्यानंतर गावच्या जत्रेत त्यांचे लक्ष कोणाकडे जाईल, हे सांगावयास नको.

पहाटेच्या गारव्यात दशावतार संपतो. नट रंग पुसू लागतात, लोक उठतात. त्या वेळी दोन वाट्या फडक्यात गुंडाळून ठेवणारा एक माणूस बाजूला बसलेला असतो. त्याचे नाव विचारण्यास फार वेळ लागत नाही.