वतनावर सोडलेले पाणी

बारा मावळांपैकी रोहिडखोरे, हिरडस मावळ, वेळवंडखोरे, गुंजण मावळ आणि कानदखोरे ही खोरी आजच्या भोर आणि राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यांत मोडतात. सतराव्या शतकात इथला माणूस शिपाईगिरीकडे का वळला, याचे उत्तर बहुधा जमिनीत शोधले जाते. खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरई, आणि झोडणी उरकली की पुढच्या पेरणीपर्यंत हात मोकळे. हे खरे आहे, पण अपुरे. पोटासाठी तलवार धरायची तर ती विजापूरकरांसाठीही धरता येत होती आणि पिढ्यान्‌पिढ्या तशी धरलीही गेली. कोणाच्या बाजूने लढायचे हे देशमुखाच्या वाड्यात ठरे. गावोगावचा जमाव देशमुखामागे निघे आणि देशमुखाच्या हिशेबात सगळ्यांच्या वर असे ते वतन.

हा हिशेब आतून दाखवणारी कागदपत्रे भोर तालुक्यातल्या कारी गावच्या जेधे घराण्यात टिकून राहिली. जेधे शकावली दयाजीराव सर्जेराव जेधे यांच्याकडून लोकमान्य टिळकांना मिळाली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाकडून प्रसिद्ध झाली. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी तिच्यात असल्याने शिवजन्मतिथीचा पुढचा सारा वाद त्या एका नोंदीभोवती फिरत राहिला. जेधे करीन्याच्या वाट्याला तेवढे लक्ष आले नाही. शिपाईगिरीच्या इतिहासासाठी मात्र करीनाच अधिक मोलाचा आहे, कारण शकावली काय घडले ते सांगते आणि करीना लोक तसे का वागले ते सांगतो. तो घराण्याची सेवा नोंदवण्यासाठी लिहिलेला आहे, म्हणून त्यात स्वतःची बाजू उजळ असणारच. एवढे ध्यानात ठेवूनही त्याला तोड नाही.

रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे यांची चाकरी आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाकडे सुरू झाली. पुढे शहाजीराजांनी त्यांना खानाकडून मागून घेतले. १६४८ मध्ये जिंजीजवळ शहाजीराजांना कैद झाली तेव्हा कान्होजी आणि त्यांचे कारभारी दादाजी कृष्ण लोहोकरे हेही कैदेत पडले. १६ मे १६४९ रोजी सुटका झाली. त्यानंतर शहाजीराजांनी कान्होजींना मावळात धाडले आणि त्यांच्याकडून शिवाजीराजांपाशी इमानाने राहण्याची शपथ घेतली. ज्या माणसाने उमेदीची वर्षे विजापूरच्या फौजेत घालवली, तो धन्याच्या शब्दाखातर धन्याच्या तरुण मुलाच्या पदरी आला. या टप्प्यावर स्वराज्याची ओढ हे कारण करीना देत नाही. तो देतो शपथ, आणि ते कारण कमी प्रतीचे नाही.

शपथेची कसोटी दहा वर्षांनी लागली. १६ जून १६५९ या तारखेचे अली आदिलशाहाचे फर्मान कान्होजींच्या नावे आले. अफजलखानाला त्या प्रांताचा सुभेदार नेमले आहे, त्याच्या हुकमात राहा, शिवाजीच्या माणसांना थारा देऊ नका, खानाने शिफारस केली तर बढती मिळेल, असा त्याचा आशय. नोकरीचा प्रस्ताव आणि धमकी एकाच कागदात होती. खानाचा वाईचा सुभा मांढरदेवच्या डोंगरापलीकडेच, तेव्हा धमकी पोकळ नव्हती.

करीन्यातला पुढचा प्रसंग मावळच्या सगळ्या कागदांत सर्वांत मौल्यवान म्हणावा लागेल. कान्होजी पाच मुलांना घेऊन राजांना भेटले आणि फर्मान दाखवले. राजांनी त्यांना थांबण्याची गळ घातली नाही. उलट, खंडोजी खोपडे खानाला मिळाले आहेत, तुम्ही न गेलात तर वतनाला धोका होईल, तेव्हा तुम्हीही जा, असे सांगितले. त्यावर कान्होजींनी हातावर पाणी घेऊन वतनावर सोडले. मग राजांनी त्यांचा कबिला सुरक्षित जागी, तळेगावला हलवायला सांगितले. ज्या गोष्टीसाठी देशमुख लढायला निघे, तीच सोडून तो लढायला उभा राहिला. एवढ्यावर न थांबता कान्होजींनी इतर देशमुखांनाही समजावले. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला, त्याची अर्धी तयारी या भेटीत झाली होती.

उत्रवळीचे खंडोजी खोपडे त्याच खोऱ्यातले आणि त्यांच्यासमोरचा पेचही तोच होता. ते खानाकडे गेले. खान पडल्यावर गुंजण मावळचे हैबतराव शिळीमकर मध्ये पडले, त्यांनी कान्होजींकडे रदबदली केली आणि कान्होजींच्या भिडेखातर राजांनी अभय दिले. खंडोजी समोर आले तेव्हा मात्र त्यांचा उजवा हात आणि डावा पाय तोडण्यात आला. कान्होजी दुखावले. तुमच्या शब्दामुळेच जीव राखला, असे राजांनी त्यांना सांगितल्याचे करीना नोंदवतो. शिक्षा कठोर होती, पण तिचा अर्थ सगळ्या खोऱ्यांना कळला: चाकरी बदलणे हा यापुढे देशमुखाचा खासगी व्यवहार उरला नव्हता.

हिरडस मावळच्या बांदलांचा प्रवास याहून उलटा. आधी राजांशी लढलेले हे घराणे पुढे त्यांच्याच बाजूने उभे राहिले. त्यांचे देशपांडे, शिंदचे बाजीप्रभू, जुलै १६६० मध्ये राजे पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले असता घोडखिंडीत बांदलांच्या जमावासह झुंजताना पडले. दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांचा होता, तो त्यानंतर बांदलांना मिळाला. जेधे आणि बांदल हे जुने वैरी, तेव्हा या मानाचे वजन किती होते हे सहज समजते.

शिवाजीराजांनी वतनाची ही पकड ढिली करण्याचा प्रयत्न केला. बखरकार सभासदाने लष्कराची उतरंड दिली आहे: नऊ पाइकांवर नाईक, पाच नाइकांवर हवालदार, मग जुमलेदार आणि हजारी. जुमलेदाराला साल शंभर होन, हजाऱ्याला पाचशे. गावे तोडून देण्याऐवजी पगार रोख किंवा वरातीने, म्हणजे खजिन्यावरच्या चिठ्ठीने. आठ महिने मुलूखगिरी, पावसाळ्यात छावणी. शेतीच्या रिकाम्या दिवसांची शिपाईगिरी इथे बारमाही पेशा झाली आणि देशमुखाशिवायही माणूस वर चढू शकला.

१६८९ मध्ये संभाजीराजांच्या मृत्यूनंतर ही घडी विस्कटली. औरंगजेब वतने देऊ लागला, तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ, छत्रपती राजारामांनाही वतने द्यावी लागली. कान्होजींच्याच घरातले काही जण मोगलांकडे गेले. १६९० मध्ये राजारामांनी जिंजीहून बाजी सर्जेराव जेधे यांना पत्र लिहून निष्ठेची आठवण करून दिली. ज्या घराने वतनावर पाणी सोडले, त्याच घराला पुढच्या पिढीत वतनाने ओढले. या पिढीला फितूर म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे, कारण राजधानी पडली होती आणि दोन्हीकडून सनदा येत होत्या.

या धामधुमीत शंकराजी नारायण पुढे आले. कारकुनीतून चढलेल्या या माणसाने मावळातले किल्ले परत घेतले, देशमुखांना पुन्हा जोडले आणि सचिवपद मिळवले. १७०७ मध्ये संभाजीराजांचे पुत्र शाहूराजे मोगलांच्या कैदेतून परतले, तेव्हा शंकराजींनी राजारामांच्या पत्नी ताराबाईंच्या बाजूने शपथ घेतलेली होती. शपथ मोडणे आणि छत्रपतींच्या वारसाविरुद्ध उभे राहणे, दोन्ही त्यांना अशक्य वाटले. भोरजवळ आंबवडे इथे त्यांनी देह संपवला. शाहूंनी सचिवपद त्यांचा मुलगा नारो शंकर याच्याकडे ठेवले. पंतसचिवांचे ते पद वंशपरंपरेचे झाले आणि त्यातून उभे राहिलेले भोर संस्थान १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकले.