चार चाकांची मोटारसायकल आणि आपली पोरं

शनिवार उजाडला की कर्जत, चौक आणि खालापूरकडच्या रस्त्यांवर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. मंडळी फार्महाऊसवर उतरतात, दोन दिवस राहतात आणि रविवारी संध्याकाळी परततात. त्यांच्या करमणुकीसाठी अंगणात एक गाडी उभी असते. चाके चार, पण स्टिअरिंग नाही. मोटारसायकलसारखे हँडल, दोन्हीकडे पाय टाकून बसायची सीट आणि फुगीर, खाचांचे टायर. कोणी तिला क्वाड म्हणते, कोणी एटीव्ही. आमच्याकडची पोरे सरळ 'चारचाकी बाईक' म्हणतात.

गाडीवर बसून फोटो काढणारे पाहुणे असतात. पण ती सकाळी सुरू करून देणारा, चिखल धुणारा आणि बिघडली की तिच्याखाली आडवा होणारा मुलगा बहुधा आपल्या किंवा शेजारच्या वाडीतला असतो. म्हणून या गाडीची माहिती आपल्या घरात असायला हवी, असे आम्हाला वाटते. तसे वाटायला घरातच कारण घडले.

आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा दहावीनंतर एका फार्महाऊसवर मदतनीस म्हणून लागला. तिथल्या जुन्या क्वाडचा मागचा ब्रेक नीट लागत नव्हता. त्याने दोनदा सांगितले. "पुढच्या आठवड्यात बघू," असे उत्तर मिळाले. एका रविवारी उतारावर अडकलेली तीच गाडी त्याला खाली आणायला सांगितली. ब्रेक लागला नाही, गाडी आडवी झाली आणि पोराच्या अंगावरून गेली. गळ्याचे हाड मोडले. सहा आठवडे हात गळ्यात अडकवून तो घरी बसला. त्या दिवसांचा पगार मिळाला नाही, वर ऐकावे लागले, "तुलाच चालवता येत नाही."

ताईला वाटले, आता हा या गाडीचे तोंडही पाहणार नाही. झाले उलटेच. हात बरा झाल्यावर तो बाजारातल्या एका टू-व्हीलर मिस्त्रीच्या हाताखाली राहिला आणि आज रस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये त्याचे स्वतःचे काम चालते. फार्महाऊसवाल्यांनी भंगारात काढलेल्या क्वाड तो घेतो आणि चालू करतो. परवा दिवसभर आम्ही त्याच्या शेडमध्ये बसलो. जे पाहिले, विचारले, ते इथे देत आहोत.

ही गाडी आली कुठून?

आधी आली तीन चाकांची. जपानच्या होंडा कंपनीने १९७० साली अमेरिकेत तीन चाकी, फुगीर टायरची गाडी विकायला काढली. ती वळणावर सहज उलटे. १९८०च्या दशकात सुझुकीने चार चाकांची गाडी आणली आणि १९८५ साली तिची 'क्वाडरेसर' ही २५० सीसीची शर्यतीच्या धाटणीची गाडी आली. हलकी, लांब स्प्रिंगांची, वेगाची अशी ही 'स्पोर्ट क्वाड'. दरम्यान अमेरिकेत अपघात इतके वाढले की १९८८ साली कंपन्यांना तिथल्या सरकारशी करार करून नव्या तीन चाकी गाड्यांची विक्री बंद करावी लागली. ९० सीसीच्या वरची क्वाड सोळा वर्षांखालील मुलाच्या हाती नको, हा दंडकही त्याच करारातला. जिथे ही गाडी आधी विकायला आली तिथेच हे शहाणपण ठेच लागून आले, हे ध्यानात ठेवावे.

जुन्या स्पोर्ट क्वाडमध्ये यामाहाची 'बॅन्शी' नावाजलेली. १९८७ साली आलेली, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक. आपल्याकडे १९८३ पासून काही वर्षे फरिदाबादला बनलेली राजदूत ३५० ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचा आवाज ओळखीचा वाटेल. दोन्ही एकाच यामाहा घराण्यातल्या, फक्त बॅन्शीचे इंजिन पाण्याने थंड होते. होंडाची १९९९ची ४०० सीसी क्वाड फोर-स्ट्रोक, हवेवर थंड होणारी आणि टिकाऊ म्हणून ओळखली गेली.

आपल्या भागात फार्महाऊसवर दिसतात त्या मात्र बहुतेक लहान, चिनी बनावटीच्या. त्यातल्या ११० सीसीच्या इंजिनाकडे नीट पाहिले तर सिलिंडर आडवा दिसतो. ही मूळची होंडाची जुनी रचना. आपल्या स्प्लेंडरचे कुळही तेच. स्प्लेंडरचा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५. या चिनी इंजिनाचा बोअर बहुधा ५२.४ आणि स्ट्रोक तोच, ४९.५. भाचा म्हणाला, "मामा, स्प्लेंडर खोललेल्या पोराला हे इंजिन परकं वाटत नाही. पण पार्ट तसाच बसेल असं धरून चालायचं नाही. मापूनच घ्यायचा."

शेडमधले काम

पावसाळा संपला की सर्वांत जास्त गाड्या एकाच रोगाने येतात. चार महिने उभी होती, आता सुरू होत नाही. कारण कार्बोरेटर. त्याच्या वाटीत राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे डिंकासारखा थर राहतो. जेटचे भोक केसाएवढे, ते बुजते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते ओल ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्या खराब करते. उपाय सोपा. गाडी उभी करण्यापूर्वी पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीचा स्क्रू सोडावा आणि वाटी रिकामी करावी. बुजलेल्या जेटमध्ये तार घालू नये, भोक मोठे होते. क्लीनर मारून हवेने साफ करावे.

दुसरा रोग आपल्या लाल मातीचा. एअर फिल्टर स्पंजचा असतो. तो रॉकेलमध्ये, मग साबणाच्या पाण्यात धुवावा, पिळवटू नये, पुरता वाळवून फिल्टरचे तेल लावावे आणि मगच बसवावा. फिल्टर काढून गाडी पळवली तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि एका हंगामात रिंगा जातात. प्लग काढून पाहिला तर इंजिनाची तब्येत कळते. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक. काळा, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढराफटक असेल तर सावध व्हावे. इंजिन तापते आहे, कुठून तरी फाजील हवा घेते आहे. टू-स्ट्रोकमध्ये असे झाले तर पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही.

मागचा एक्सल जॅकवर उचलून चाक दोन्ही हातांनी हलवून पाहावे. खुळखुळ लागली तर बेअरिंग गेले. इथे भाच्याने आम्हाला एक मौज दाखवली. जुने बेअरिंग पुसले तर कडेवर आकडा कोरलेला असतो, समजा ६२०४. हा आकडा म्हणजे आतले भोक २० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७, जाडी १४. जगात कुठेही बनो, माप तेच. "पूर्वी मी कंपनीचा पार्ट मागायचो. तो मिळायचा नाही, गाडी पडून राहायची. आता नंबर वाचतो आणि बेअरिंगच्या दुकानातून घेतो." शेडच्या भिंतीवर एक जाड इंग्रजी सर्व्हिस बुक आहे. पहिल्या वर्षी तो ते डिक्शनरी घेऊन वाचत असे. तेलाचे डाग पडलेली ती डिक्शनरी ताईने जपून ठेवली आहे.

चालवण्याची रीत

मोटारीला वळताना आतले चाक हळू आणि बाहेरचे जोरात फिरू देणारा डिफरन्शियल असतो. स्पोर्ट क्वाडला तो नसतो. मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर, एकाच वेगाने फिरतात. मातीत आतले चाक घसरते, म्हणून गाडी वळते. डांबरावर टायर पकड सोडत नाही, मग गाडी सरळ जाऊ पाहते किंवा उलटते. म्हणून क्वाड डांबरी रस्त्यावर पळवण्याची वस्तू नव्हे.

वळताना अंग आतल्या बाजूला झुकवावे आणि बाहेरच्या पायाने फुटरेस्ट दाबून धरावा. चढावर अंग पुढे, उतारावर मागे. पाय कधीच खाली टेकवू नये. मोटारसायकलची सवय असलेला माणूस तोल जाताच पाय टेकवतो आणि मागचे चाक त्या पायावर चढते. सीट लांब असते ती चालवणाऱ्याला पुढेमागे सरकता यावे म्हणून, मागे बायको-पोर बसवण्यासाठी नव्हे. टायरमध्ये हवा फार कमी, बहुतेकांत पाच पौंडांच्या आसपास लागते. टायरवर किंवा पट्टीवर लिहिलेले प्रमाण पाळावे. पंपावरचा मीटर इतकी कमी हवा नीट दाखवत नाही, त्यासाठी वेगळा गेज लागतो. आणि डोक्यावर हेल्मेट, पायात बूट. चप्पल नव्हे.

लहानांसाठीच्या क्वाडवर दोन सोयी बहुधा असतात. थ्रॉटलपाशी एक स्क्रू असतो, त्याने वेग बांधून ठेवता येतो. मागे दोरीचा स्विच असतो, ती ओढली की इंजिन बंद. मागून चालणाऱ्या माणसाच्या हातात ती दोरी असावी. किती ठिकाणी ही दोरी तुटून पडलेली असते!

कायद्यानेही जपून राहावे. या गाड्यांचे सहसा आरटीओकडे पासिंग होत नाही, म्हणून त्या सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाहीत. 'क्वाड्रिसायकल' नावाचा जो वर्ग सरकारने मान्य केला, तो बजाज क्यूटसारख्या बंद गाडीचा. नावाने फसू नये. अल्पवयीन मुलगा रस्त्यावर गाडी चालवताना सापडला तर २०१९च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. माथेरानच्या हद्दीत तर मोटारगाड्यांना मुळातच मनाई. दुसऱ्याच्या बांधावरून, वाडीच्या अंगणातून आणि वनखात्याच्या जागेतून गाडी नेणे हाही शहाणपणा नव्हे.

पाना कोणाच्या हातात?

दुपारी आम्ही बसलो असतानाच एक गृहस्थ आले. संध्याकाळी पाहुणे येणार, गाडी हवी होती. भाच्याने इंजिन दुरुस्त केले होते, पण मागच्या ब्रेकचे लायनर संपले होते. "ब्रेकचं राहू दे, पोरं मैदानातच फिरवणार. आणि तो वेगाचा स्क्रू सोडून दे," गृहस्थ म्हणाले. भाचा शांतपणे म्हणाला, "साहेब, लायनर टाकल्याशिवाय मी गाडी देत नाही. सोमवारी न्या." गृहस्थांचा आवाज चढला. शेवटी झालेल्या कामाचे पैसे टाकून त्यांनी गाडी टेम्पोत चढवली. भाच्याने बिलावर लिहिले, 'मागचा ब्रेक नादुरुस्त, चालवू नये', आणि त्यांची सही घेतली. ते गिऱ्हाईक अजून परत आलेले नाही.

आम्ही ताईकडे पाहिले. महिन्याला चार गाड्या येणाऱ्या शेडमधून एक गिऱ्हाईक जाणे म्हणजे काय, हे तिला आमच्याहून जास्त ठाऊक. चहाची कपबशी पुढे करत ती म्हणाली, "गेलं तर जाऊ दे. त्या गाडीवरही कुणाचं तरी लेकरूच बसणार ना? आणि ढकलायला आपलंच."

आई-बापांनी मुलाला या कामावर पाठवताना तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. गाडीचे ब्रेक कोण तपासतो, किती दिवसांनी? मदतनिसाला हेल्मेट मिळते का? काम करताना इजा झाली तर दवाखान्याचा खर्च आणि पगार कोण देणार? कामावरच्या इजेची भरपाई ही मेहेरबानी नाही. १९२३च्या कायद्यापासून तो कामगाराचा हक्क आहे आणि २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. कामावर लागल्याचा कागद, हजेरीची नोंद, पगाराची पावती जपून ठेवावी. आमच्या भाच्याजवळ यातले काहीच नव्हते, म्हणून त्याचे सहा आठवडे बुडाले.

आणि ज्याला या यंत्राची आवड आहे, त्याने नुसत्या मदतनिसावर थांबू नये. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटार व्हेईकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. काम हाताशी आहे पण कागद नाही, अशांसाठी आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सरकारी योजना आहे. भाच्याने यंदा त्यासाठी नाव घातले आहे.

निघताना शेडच्या दारावर खडूने लिहिलेली ओळ आम्ही वाचली: 'आधी ब्रेक, मग इंजिन.' गाडी पळवणारे पुष्कळ आहेत. ती थांबली पाहिजे, असा हट्ट धरणारा मिस्त्री एखाद्याच शेडमध्ये भेटतो. तो आपल्या घरातून निघाला, याचे समाधान घेऊन आम्ही संध्याकाळची कर्जत लोकल धरली.