बाबांच्या शर्टातून भावाचा शर्ट



स्नेहसंमेलनात पहिलीच्या मुलांचा नाच झाला. त्यात माझ्या धाकट्या भावाने निळ्या चौकडीचा, बाजूला गडद पट्टी असलेला शर्ट घातला होता. तो शर्ट कोणत्या दुकानातून आणला असे बऱ्याच जणांनी मला विचारले. तो दुकानातला नाही. तो मी शिवला. कसा शिवला आणि शिवताना काय चुकले, ते दोन्ही या लेखात सांगतो. चूक नीट वाचा, कारण खरी माहिती तिच्यातच आहे.

शर्ट शिवायची वेळ का आली

बाईंनी सांगितले होते की नाचाला रंगीत शर्ट आणि चड्डी पाहिजे. पण कांद्याचे पैसे अजून हातात आले नव्हते. आई म्हणाली, "आहे तोच घाल." भावाचा तो शर्ट आधी माझा होता, माझ्याआधी चुलतभावाचा होता. भाऊ काही बोलला नाही. नुसता चुलीजवळ जाऊन बसला. तो रडला असता तर बरे वाटले असते.

मग मला बाबांचा चौकडीचा शर्ट दिसला. त्याची कॉलर विरली होती, कोपर फाटले होते, म्हणून आईने तो पुसण्याला काढला होता. पण पाठ आणि पुढचे दोन्ही भाग चांगले धड होते. मोठ्या माणसाचा शर्ट असाच असतो. कॉलर, कफ आणि कोपर आधी जातात, कारण तिथे सारखे घासले जाते. पाठ शेवटपर्यंत टिकते. म्हणजे एका टाकाऊ शर्टात लहान मुलाचा एक अख्खा शर्ट लपलेला असतो!

हाताचे टाके मी कार्यानुभवाच्या तासाला शिकलो होतो. मशीन काकूचे आहे.

साहित्य

जुना सुती शर्ट, कात्री, टेप, खडू, सुई, दोऱ्याचे रीळ, टाचण्या, एक जुने वर्तमानपत्र आणि इस्त्री. इस्त्री नसेल तर तांब्यात गरम पाणी भरून तो फिरवला तरी चालते. पण तो मोठ्यांनी फिरवावा.

कापड सुतीच घ्यावे. ते घाम शोषून घेते. नायलॉनसारखे कापड विस्तवाने वितळते आणि अंगाला चिकटते. सुती कापडही पेट घेते, म्हणून लहान मुलाच्या कपड्याला लोंबते काही ठेवू नये. गळ्याशी नाडी तर मुळीच नको, खेळताना अडकते.

नवे सुती कापड आणले तर आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे. विणताना आणि गिरणीत धागा ताणलेला असतो. पाण्यात तो सैल होतो आणि कापड आटते. न भिजवता शिवले तर पहिल्या धुण्यात शर्ट तोकडा होतो. जुन्या शर्टाला ही भीती नाही. तो कितीतरी वेळा धुतलेला असतो, आटायचा तेवढा आटलेला असतो.

मापे

माझा भाऊ ६ वर्षांचा आहे. त्याची मापे अशी निघाली : छाती २३ इंच, खांदा १० इंच, शर्टाची उंची १६ इंच, हाफ बाही ५ इंच. तुमच्या भावाची मापे वेगळी येतील. तो एका जागी उभा राहत नसेल (आमचा राहत नाही), तर त्याला नीट बसणारा एखादा शर्ट जमिनीवर पसरून तो मोजावा.

आता हिशेब. छाती २३ इंच म्हणजे शर्टही २३ इंच, असे नाही. श्वास घ्यायला, हात वर करायला, पळायला जागा लागते. म्हणून ५ इंच सैलपणा मिळवायचा. झाले २८. शर्टाच्या घेराचे चार भाग धरतात, म्हणून एक भाग ७ इंच. त्यात शिलाईसाठी अर्धा इंच माया सोडायची. म्हणजे कापताना रुंदी साडेसात इंच. उंची १६, खालच्या दुमडीला १, खांद्याच्या मायेला अर्धा, म्हणजे साडेसतरा.

कागदावर आकृती

कात्री आधी कापडाला लावू नये. वर्तमानपत्रावर साडेसात बाय साडेसतरा इंचाचा आयत काढा. त्याची एक उभी कड म्हणजे शर्टाचा मध्य. वरच्या कोपऱ्यातून मध्यापासून २ इंच गळ्याची रुंदी घ्या. गळ्याची खोली पुढे सव्वादोन इंच, मागे पाऊण इंच. वरच्या रेषेवर मध्यापासून साडेपाच इंचांवर खांद्याची खूण करा. तिथे पाऊण इंच उतार द्या, कारण आपले खांदे उतरते असतात. वरून ६ इंचांवर मुंढ्याची खूण करा आणि खांद्यापासून तिथपर्यंत गोलाई काढा. गळा नेहमी थोडा कमीच कापावा. लहान गळा मोठा करता येतो, मोठा गळा लहान होत नाही.

बाबांच्या शर्टाची बटणे लावूनच पुढचा भाग घ्या आणि बटणपट्टीच्या मधोमध घडी घाला. त्या घडीवर कागदाची मध्याची कड ठेवा. म्हणजे बटणे आणि काजे आयती मिळतात! काज करणे हे सर्वांत किचकट काम, ते आपोआप टळते. मुलांच्या शर्टाची बटणे उजव्या बाजूला असतात, तीही बरोबर त्याच बाजूला येतात. पाठीचा भाग पाठीतून कापा, तिथेही मध्यावर घडी. बाह्या जुन्या बाहीच्या कोपराच्या वरच्या भागातून काढा. एक डावी, एक उजवी अशा काढा, नाहीतर दोन्ही एकाच हाताच्या होतात.

कापडाचा उभा धागा शर्टाच्या उंचीत आला पाहिजे. कारण समजण्यासाठी एक प्रयोग करा. हातरुमाल घ्या. समोरासमोरच्या दोन कडा धरून ओढा, फारसा ताणत नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा, चांगला ताणतो. या तिरक्या दिशेला उरेब म्हणतात. शर्ट उरेब कापला तर तो लोंबतो आणि वाकडा होतो. पण गळ्याच्या गोलाईला हीच उरेब पट्टी लागते, कारण ती ताणते, वळते आणि चुणी पडू देत नाही. मी सव्वा इंच रुंद उरेब पट्टी कापून गळ्याला लावली. कॉलरची कटकटच नाही.

शिवण्याचा क्रम

आधी खांदे जोडा. मग गळ्याची पट्टी. मग शर्ट सपाट असतानाच बाह्या मुंढ्याला लावा. नंतर बाहीच्या टोकापासून बगलेतून खालपर्यंत एकच सलग शिवण घाला. शेवटी बाहीची आणि खालची दुमड. प्रत्येक शिवणीच्या वेळी कापडाच्या सुलट बाजू एकमेकींना लावून उलट बाजूने शिवायचे.

मशीन कसे शिवते तेही थोडक्यात सांगतो. हाताच्या सुईचे नेढे वरच्या टोकाला असते, मशीनच्या सुईचे नेढे खाली अणीजवळ असते. सुई दोरा घेऊन कापडातून खाली जाते, वर येताना दोऱ्याचा लहान फास होतो. खालची शटल तो फास पकडते आणि बॉबिनचा दोरा त्यात अडकतो. अशी दोन दोऱ्यांची टीप पडते, म्हणून ती पटकन उसवत नाही. अशा मशीनचे पेटंट एलायस हाऊ यांना अमेरिकेत १८४६ साली मिळाले. मशीन नसेल तर हाताने बखिया घालावा. वेळ लागतो, पण शिवण पक्की होते.

माझी चूक

वर हिशेब सांगितला तो मला आता येतो. तेव्हा येत नव्हता. मी २३ ला ४ ने भागले, पावणेसहा आले. "थोडे जास्त असू दे" म्हणून ६ इंच कापले आणि शहाणपणा केला असे समजलो! सहा चोक चोवीस. त्यातून शिलाईत चार कडांना अर्धा-अर्धा इंच गेला, म्हणजे २ इंच. राहिले २२. छाती २३!

त्यातून मी कच्चे टाके घातलेच नाहीत. सरळ मशीनवर बारीक टीप मारली. संमेलनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी भावाला शर्ट चढवला. हात गेले, पण बटणे लागेनात. पोट आत ओढून त्याने एक बटण लावून पाहिले, तेही सुटले. मग मात्र तो रडला. मलाही रडू आले, पण मी सातवीत आहे.

आजी भिंतीला टेकून बघत होती. ती म्हणाली, "आरं, कापडाला माया ठिवली न्हाईस व्हय? माया नसंल तर उसवून तरी काय करशील?"

बाबांचा शर्ट तर कापून झाला होता. दुसरे चौकडीचे कापड नव्हते. काकूने शर्ट जमिनीवर पसरला आणि म्हणाली, "जुन्या कुडत्याला बाजूने कळी घालायचे, तसं करू. पण हिशेब तू कर."

हिशेब केला. हवे २८, आहेत २२, कमी पडतात ६. म्हणजे प्रत्येक बाजूला ३ इंच. पट्टीच्या दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच माया, म्हणून पट्टी कापायची ४ इंच रुंद. घरात गडद निळे जुने सुती कापड होते. ते कशाचे होते हे इथे लिहीत नाही, कारण भाऊ आता वाचायला शिकला आहे. बाजूच्या दोन्ही शिवणी ब्लेडने जपून उसवल्या. बाहीच्या टोकापासून बगलेतून खालपर्यंत एकच लांब पट्टी दोन्ही बाजूंना घातली. यावेळी आधी कच्चे टाके, मग शर्ट घालून पाहणे आणि मगच टीप. रात्री साडेदहा वाजले. भाऊ झोपेतच हात वर करून उभा होता.

बाबांचा खिसा काढला तिथे चौकोनी गडद ठसा राहिला होता, कारण त्याखालच्या कापडाला ऊनच लागले नव्हते. त्या ठशावर त्याच निळ्या कापडाचा नवा खिसा लावला. खिसा आणि पट्टी एकाच रंगाची झाल्यामुळे वाटू लागले की हे मुद्दाम असेच केले आहे. संमेलनात सगळ्यांनी जी फॅशन म्हणून पाहिली, ती मुळात माझी चूक होती.

शर्ट दिसायला छान व्हावा म्हणून

चौकडीच्या कापडाचा खिसा तिरका कापावा, चौकड्या पतंगासारख्या दिसतात. रेघांच्या शर्टाला खांद्यावर आडव्या रेघांचा तुकडा लावावा. बाहीची दुमड दुसऱ्या रंगाच्या कापडाची करून बाहेर वळवावी. पांढरी बटणे लाल दोऱ्याने टाकावीत. एका शर्टावर यातले एक किंवा दोनच करावे, सगळे केले तर तमाशातला सोंगाड्या दिसतो!

चड्डीसाठी बाबांच्या ढगळ पँटच्या गुडघ्याखालच्या दोन नळ्या घ्या. खालची दुमड आहे तशी राहू द्या. आतल्या बाजूची शिवण वरून ८ इंच उसवा, दोन्ही नळ्या त्या कडांनी एकमेकींना जोडा, कमरेला दुमडून इलॅस्टिक घाला. इलॅस्टिक कमरेपेक्षा २ इंच कमी घ्यावे. आणि खालची दुमड कापून टाकू नये. या वयाची मुले वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतात. पुढच्या वर्षी दुमड उसवली की कपडा आणखी एक वर्ष चालतो.

शेवटी

मी मशीनवर बसलो की काही मुले "बाई आली, बाई आली" म्हणायची. त्यांना माझे एकच विचारणे आहे. आपल्या गावचे शिंपीकाका पुरुष नाहीत का? संत नामदेव शिंपी घराण्यातले होते. मग सुई धरल्याने कोण लहान होतो? ज्याला अंगात घालायला कपडा लागतो, त्याला दोन टाके घालता आले पाहिजेत, असे मला वाटते.

संमेलन संपल्यावर बाबांनी भावाला उचलून घेतले, शर्टाच्या बाहीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हा शर्ट मी ओळखतो." एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक जुना शर्ट काढून माझ्या दप्तरावर ठेवला.

तो कापताना मात्र मी माया ठेवणार आहे.

दोन-तीन आयांनी आकृतीचा कागद मागितला. तो या भित्तिपत्रकाखाली खिळ्याला टांगला आहे. सुधारलेल्या मापाचा आहे. न्यायचा नाही, गिरवून घ्यायचा आणि परत टांगायचा.

— इयत्ता सातवी, हजेरी क्रमांक १४