बर्फाचा तुकडा पोकळ का निघतो?

आपोआप बर्फ करणाऱ्या फ्रीजमधून कधी कधी पोकळ तुकडे पडतात. वर पातळ कवच आणि आत पाणी! कधी याच्या उलट घडते. साचा बर्फाने भरलेला असतो, पण तुकडे खाली पडतच नाहीत. दोन्ही वेळा घरातली माणसे 'गॅस संपला असेल' असे म्हणून मोकळी होतात. गॅस, पाण्याचा नळ, झडप, दाराचे रबर हे सारे तपासायलाच हवे. पण हे सर्व ठीक असेल तर संशय घ्यावा तो हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या एका भागाचा, म्हणजे तापमान-संवेदकाचा.

हा संवेदक बहुधा थर्मिस्टर असतो. तांब्याची तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो, हे आपण वर्गात शिकवतो. थर्मिस्टरचे उलटे आहे. मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडांपासून तो बनवतात. हे पदार्थ अर्धवाहक आहेत. उष्णता मिळाली की त्यांच्यातून विद्युतभाराचे वहन सोपे होते आणि रोध घटतो. असा गुणधर्म मायकेल फॅरडे यांना १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये आढळला होता.

आता बर्फयंत्रात काय घडते ते पाहू. साच्यात पाणी येते, गोठते आणि साच्याचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. थर्मिस्टरचा रोध ठरलेल्या आकड्यापर्यंत चढला की नियंत्रक समजतो, 'बर्फ तयार झाला'. मग साचा पिळून किंवा किंचित तापवून तो तुकडे पाडतो. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. नियंत्रकाला तापमान दिसत नाही, त्याला फक्त रोध दिसतो.

म्हणून लक्षणांवरूनच आपण तर्क करू शकतो. रोध खऱ्यापेक्षा जास्त असेल, तर यंत्राला थंडी जास्त भासते. बर्फ पुरता गोठण्याआधीच ते तुकडे पाडते आणि ते पोकळ निघतात. रोध खऱ्यापेक्षा कमी असेल, तर यंत्राला साचा उबदारच वाटतो आणि ते वाट पाहत राहते. तार तुटली असेल तर रोध अनंत होतो. अनेक नियंत्रक हा बिघाड ओळखून काम थांबवतात.

तर्काची खात्री प्रयोगाने करावी. फ्रीजचा प्लग काढून जाणकाराने संवेदकाची जोडणी सोडवावी व मल्टिमीटरने रोध मोजावा. पण खोलीतले एकच मोजमाप पुरत नाही. खोलीचे तापमान नेमके किती, हाच प्रश्न उरतो. आपल्याला एक पक्का संदर्भबिंदू हवा आणि तो स्वयंपाकघरातच मिळतो. ठेचलेला बर्फ भांड्यात गच्च भरावा, फटी भरतील इतकेच पाणी घालावे आणि ढवळावे. संवेदक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून या मिश्रणात पाच मिनिटे ठेवावा. २५ अंश सेल्सियसला १० किलोओहम असणारा नेहमीचा थर्मिस्टर शून्य अंशाला सुमारे ३२ ते ३४ किलोओहम दाखवतो. फ्रीजच्या कंपनीप्रमाणे हे आकडे बदलतात, म्हणून तक्ता त्या यंत्राचाच घ्यावा.

उकळते पाणी का घेऊ नये? अहिल्यानगर शहर (पूर्वीचे अहमदनगर) समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. अकोले तालुक्यातल्या १६४६ मीटर उंच कळसूबाईच्या शिखरावर ते ९४ ते ९५ अंशांनाच उकळेल. बर्फाच्या द्रवणबिंदूवर मात्र उंचीचा परिणाम नगण्य असतो. बोअरच्या खारट पाण्याचे काय? लिटरमध्ये १ ग्रॅम मीठ असले तरी गोठणबिंदू केवळ ०.०६ अंशाने उतरतो. आपल्या कामाला ही चूक क्षुल्लक आहे.

कधी कधी संवेदक उत्तम असतो, पण ओलाव्याने जोडणीच्या पिना गंजलेल्या असतात. गंजाचा रोध थर्मिस्टरच्या रोधात मिळवला जातो. वर सांगितलेल्या थर्मिस्टरचा रोध ७ अंशांना सुमारे २३.४ आणि ४ अंशांना २७.३ किलोओहम असतो. म्हणजे गंजामुळे जेमतेम ४ किलोओहम वाढले, की ७ अंशांचे तापमान यंत्राला ४ अंश वाटते. म्हणून रोध एकदा संवेदकापाशी आणि एकदा तारेच्या दुसऱ्या टोकाशी मोजावा. दोन आकड्यांत फरक पडला तर दोष मधल्या तारेत किंवा जोडणीत आहे.

घरच्या बर्फात तीन अंशांनी फारसे बिघडत नाही. पण आपल्या जिल्ह्यात गावोगावी दूध संकलन चालते. धारेचे कोमट दूध शीतटाकीत ४ अंशांपर्यंत उतरवतात. टाकीचा आकडा ४ दाखवत असेल आणि दूध ७ अंशांवर असेल, तर त्यात जीवाणू अधिक वेगाने वाढतात. दूध नासले तर नुकसान शेतकऱ्याचे होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस २ ते ८ अंशांत ठेवतात. तेथे उलट चूक घातक ठरते. संवेदकाने तापमान जास्त सांगितले तर यंत्र थंड करतच राहते. हिपॅटायटिस-बी किंवा पेंटाव्हॅलंटसारखी लस एकदा गोठली की तिची शक्ती जाते आणि वितळवून ती परत येत नाही. म्हणूनच लसीच्या फ्रीजमध्ये वेगळा तापमापी ठेवून दिवसातून दोनदा नोंद करण्याची पद्धत आहे. एका साक्षीदारावर विसंबायचे नाही, हेच त्यातले सूत्र.

शाळेत यासाठी फ्रीज उघडण्याची गरज नाही. १० किलोओहमचा सुटा थर्मिस्टर, मल्टिमीटर आणि चांगला तापमापी एवढे साहित्य पुरेसे आहे. बर्फाच्या पाण्यापासून ५० अंशांपर्यंत दर ५ अंशांना रोध मोजून विद्यार्थ्यांना आलेख काढू द्यावा. रेषा सरळ येणार नाही, ती वक्र येईल. मग थर्मिस्टरला एकसर जोडणीत ४ किलोओहमच्या जवळचा, बाजारात मिळणारा ३.९ किलोओहमचा रोधक जोडून पुन्हा मोजावे आणि पहिल्या आलेखावरून तापमान वाचायला सांगावे. वाचलेले तापमान खऱ्यापेक्षा किती अंशांनी कमी येते आणि थंड पाण्यापेक्षा गरम पाण्यात ही चूक जास्त का, याचे उत्तर त्यांनीच आलेखातून शोधावे.