दुखणं किती आणे?

विंचूरच्या एक आजी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आमच्या वॉर्डात होत्या. सारा जन्म कांद्याच्या खळ्यावर गेलेला. ‘शून्य ते दहात दुखणं किती?’ मी विचारलं. ‘बरंय पोरी.’ मी तक्त्यावर शून्य लिहून मोकळी झाले. रात्री पाहते तो चादर मुठीत आवळलेली, कपाळावर घाम.

‘आजी, रुपयातले किती आणे दुखतंय?’

‘चौदा आणे गं. खोकला आला की सोळा.’

डॉक्टरांना कळवलं, औषध दिलं, खोकताना पोटाशी उशी धरायला शिकवलं. तासाभरानं पुन्हा विचारलं. ‘चार आणे.’

मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन परिचारिकेनं १९६८ मध्येच मांडलं होतं, की वेदना किती हे रुग्णच ठरवणार. आपल्याकडे मात्र सोसणं हा बाईचा गुण! पण दुखण्याच्या धाकानं माणूस पुरता श्वास घेत नाही, खोकत नाही, मग छातीत कफ साठतो. सोसण्याची अशीही किंमत मोजावी लागते.

माझा तो शून्य अजून मला सलतो. तुमच्या घरी कुणी ‘काही नाही’ म्हणालं, तर तेवढ्यावर थांबू नका. कळ, ठणका, चमक की आग? विचारा, आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारा.