आधी इमारत, मग रस्ता, शेवटी पाणी

पुण्याच्या वाढीचा हिशेब मांडायचा तर तो पुरापासून मांडावा लागतो. जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात काळाची मापं दोनच होती, पुराआधी आणि पुरानंतर. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, त्याच लोंढ्यानं खालच्या खडकवासल्याची भिंतही नेली आणि शनिवार, नारायण, कसबा या नदीकाठच्या पेठांतले वाडे पाण्यात बसले. एका दिवसात हजारो कुटुंबं उघड्यावर आली. त्यांना कुठंतरी वसवणं भागच होतं. लोकमान्यनगर, गोखलेनगर, दत्तवाडी, सहकारनगर या वस्त्या त्यातून उभ्या राहिल्या किंवा वाढल्या. पेठ सोडून ‘लांब’ राहायला जावं लागलं म्हणून तेव्हा लोक हळहळले. आज तीच सहकारनगरची झाडीतली बंगली पाहून बाकीचे हळहळतात.

पेठेतल्या वाड्यांबद्दल हळवं होणाऱ्यांची मला थोडी गंमत वाटते. भाडेनियंत्रणामुळे भाडं गोठलेलं, त्यामुळे मालक डागडुजीला हात लावायचा नाही आणि सकाळी मागच्या अंगणातल्या सामाईक संडासापुढे टमरेल घेऊन रांग. वाडा पडला आणि त्या जागी लिफ्टची इमारत आली, तेव्हा घरातल्या बायकांनी उसासा टाकला असेल तो सुटकेचा असावा.

पण त्या जुन्या शहराची एक गोष्ट मात्र सरळ होती. तिथं पाणी आधी आलं. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला, जमिनीखालच्या बांधीव नळानं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं. फडके हौद आता नुसता चौक उरलाय, पण एकेकाळी तिथं खरोखर लोक घागरी भरत. इंग्रजांनी १८७९ मध्ये खडकवासला धरण पुरं केलं, त्यातही लष्कराची गरज होतीच. हेतू काहीही असो, माणसं येण्याआधी त्यांच्या पाण्याचा विचार झाला होता.

पिंपरी-चिंचवडकडेही क्रम बऱ्यापैकी सांभाळला गेला. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी, बजाज, टेल्को. सातारा, सोलापूर, मराठवाडा, विदर्भातून पोरं आली, चाळीत तिघं-चौघं मिळून राहिली, पुढं कंपनीत कायम झाली आणि त्यातल्या कित्येकांनी प्राधिकरणात घर बांधलं. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणानं आधी सेक्टर आखले, रुंद रस्ते सोडले आणि मग प्लॉट दिले. तिथून गाडी चालवताना आजही फरक कळतो.

गाडी उलटी फिरली ती नव्वदच्या दशकात. १९९७ मध्ये शासनानं पुणे महापालिकेत ३८ गावं घेतली, त्यातली काही पुढं वगळली. बाणेर, बालेवाडी, खराडी आत राहिली. हिंजवडीत आयटी पार्क उभं राहिलं, पगार वाढले, गृहकर्ज सोपं झालं आणि शेतात टॉवर उगवले. विकास आराखडे मात्र वर्षानुवर्षं टेबलावर. महापालिकेची पाइपलाइन नव्हतीच, म्हणून बिल्डरकडून हमीपत्र लिहून घेतलं जायचं की पालिका पाणी देईपर्यंत मी देतो. सोसायटी ताब्यात देऊन बिल्डर गेला की ते हमीपत्र रहिवाशांच्या गळ्यात. बाणेर-बालेवाडीचं पाणी २०१६ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नव्या बांधकामांना काही काळ खीळ बसली.

अशा सोसायटीत पहाटे गेटवर थांबून बघावं. टँकर रिव्हर्स घेत आत येतो, क्लीनर पाइप ओढून जमिनीखालच्या टाकीत सोडतो, वॉचमन वहीत टँकरचा नंबर आणि वेळ टिपतो. टँकर पूर्ण भरलेला होता का, हे कुणी बघत नाही. महिन्याच्या शेवटी कमिटीच्या बैठकीत याच वहीवरून भांडणं जुंपतात. कोटीच्या फ्लॅटमध्ये राहणारा माणूस मेन्टेनन्समध्ये पाण्याचे वेगळे पैसे भरतो आणि शिवाय मिळकतकरही भरतो.

या उलट्या क्रमाला एक सणसणीत अपवाद हडपसरजवळ आहे. मगरपट्ट्याच्या शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन तुकड्या-तुकड्यानं विकली नाही, एकत्र केली, कंपनी काढली आणि भागधारक झाले. रस्ते, झाडं, सांडपाणी सगळं आधी आखून मग इमारती. आजूबाजूच्या गावांत जमिनीचे पैसे गाडीत आणि लग्नात उडत असताना यांनी शहरच बांधलं. हे सर्रास का घडलं नाही, याचं उत्तर जमिनीच्या दलालांना विचारावं.

बरं काय झालं, तेही सांगायला हवं. सायकलींच्या पुण्यात लूना आली, मग स्कूटी, आणि तोंडाला स्कार्फ बांधून एकटीनं कुठंही जाणारी मुलगी हे शहराचं चित्र झालं. कुणाच्या ओळखीवाचून नोकरी मिळणं, आडनाव न विचारता खोली मिळणं (अजून सगळीकडे नाही, हे खरं) हे वाढीनंच दिलं. २०२२ मध्ये मेट्रो धावू लागली. उशिरा, पण आली.

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं पालिकेत आली आणि क्षेत्रफळात पुणं राज्यात सगळ्यात मोठं झालं. त्या गावांत नांदेड आणि किरकटवाडी होती, सिंहगड रस्त्यावरची, खडकवासला धरणापासून हाकेच्या अंतरावर. जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. गावांना विहिरीतलं पाणी मिळत होतं, शुद्धीकरण केंद्राशिवाय. बहुतेक पुण्याला पाणी पाजणारं धरण उशाशी, आणि ही तऱ्हा.

उरुळी देवाची आणि फुरसुंगीनं तर निराळाच रस्ता धरला. वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा त्यांच्या शिवारात पडत होता. २०१७ मध्ये पालिकेत आल्यावर कर वाढला, सोयी त्या मानानं आल्या नाहीत, तेव्हा गावकरी म्हणाले, आम्हाला बाहेर काढा. २०२४ मध्ये दोन्ही गावं वगळली गेली आणि त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. तिकडं हिंजवडीचे रहिवासी मात्र पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाड्या काढत आम्हाला पिंपरी-चिंचवड पालिकेत घ्या म्हणून आंदोलनं करतायत.